पहूरला मोठं कुणी केलं, रेल्वेनं की रस्त्यानं? (पाचोरा-जामनेर ब्रॉडगेजच्या निमित्तानं)

वाघूरकाठ

आमच्या पहूर भागात (जामनेर तालुका, जळगाव जिल्हा) सध्या चहाच्या टपरीपासून ग्रामसभेपर्यंत एकच विषय आहे, ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी रेल्वे. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची आपली पीजे, मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनला थांबली ती पुन्हा सुटलीच नाही. आता तिच्या जागी मोठी लाइन येणार, जामनेरच्या पुढं बोदवडपर्यंत जाणार, सगळी मिळून 84 किलोमीटर. आणि ती आली की पहूरचं सोनं होणार, असं जो तो सांगत सुटलाय. मला हे पटत नाही. शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

पहूर वसलं ते नदी आणि रस्त्यामुळं. नकाशा उघडा. दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर, उत्तरेला तापी, आणि मधे डोंगरातून निघून उत्तरेकडं धावणाऱ्या नद्या: सोन, वाघूर, कांग. यातली वाघूर म्हणजे तीच, जिच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर अजिंठ्याची लेणी कोरलीत. तिथून उतरून ती आमच्याकडं येते, पुढं धरणात अडते आणि जळगावकरांच्या नळाला जाते. डोंगर चढायचा तर वाट फर्दापूरवरून, अजिंठा घाटानं. बऱ्हाणपूर-औरंगाबाद ही मुघलांची वहिवाट याच घाटातली. फर्दापूरची सराई त्याच काळातली. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर बैलाला पाणी, माणसाला मुक्काम आणि मालाला गिऱ्हाईक लागतंच. आमच्याकडं पहूर कसबे आणि पहूर पेठ अशा दोन वेगळ्या ग्रामपंचायती आहेत. ही पेठ काही रुळांनी वसवली नाही.

पीजे आली 1918-19 च्या सुमारास. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर, एकूण 56 किलोमीटर. ती कशासाठी आली? कापसासाठी. माणसं बसली ती त्या निमित्तानं. जिनातून (सरकी काढायच्या कारखान्यातून) निघालेल्या कापसाच्या गाठी ज्या दिवशी ट्रकवर चढल्या, त्या दिवशी तिचं मूळ काम संपलं. पुढची कैक वर्षं ती सवयीनं चालली.

आणि दिशा बघा. आमची सगळी कामं जळगावला: कलेक्टर कचेरी, कोर्ट, सिव्हिल, कॉलेज. रस्त्यानं सरळ चाळीसेक किलोमीटर. पीजेनं जायचं तर आधी उलटं पाचोऱ्याला, तिथं गाडी बदलायची आणि पुन्हा वर जळगावला. अंतर दुपटीहून जास्त. रूळ रुंद झाले म्हणून ही दिशा बदलणार आहे का?

माझं म्हणणं एवढंच की आमदार-खासदारांपुढं तोंड उघडायची संधी आली तर रस्ता, बसस्थानक आणि संध्याकाळी सातनंतरच्या गाड्या मागा. रेल्वे मिळाली तर मिळाली.

पाचोरेकर

भाऊ, तुम्ही कलेक्टर कचेरीत कामं असणाऱ्यांचा हिशेब मांडलात. पीजेत बसणाऱ्यांपैकी कितीजण कलेक्टरला भेटायला निघालेले असायचे?

पीजेत बसायचा तो दुधाचे कॅन घेऊन येणारा, वरखेडीच्या गुरांच्या बाजारातून परतणारा, पाचोऱ्याला शिकणारी पोरं, आठवडाबाजारात टोपलं घेऊन बसणाऱ्या बाया. त्यांचं गाव पाचोरा. मुंबईला, नाशिकला, कल्याण-भिवंडीला कामाला जाणारा मजूर पाचोऱ्यालाच मोठी गाडी पकडायचा. त्याला जळगावला जायचं कारणच नव्हतं. तुमचा पहूर-पाचोरा-जळगाव त्रिकोण बरोबर आहे, फक्त तुम्ही त्याच्या चुकीच्या कोपऱ्यावर उभे आहात.

तिकीट एसटीच्या निम्म्याहून कमी. टपावर माणसं बसायची ती हौसेनं नव्हे, डब्यात पाय ठेवायला जागा नसायची म्हणून. गाडी सवयीनं चालली म्हणता, मग टपावरची गर्दी कशाची होती?

आणि रस्त्याचं कौतुक सांगूच नका. 2021 च्या दिवाळीआधी एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत गाड्या धड सुटल्या नाहीत. पीजे आधीच बंद. त्या पाच-सहा महिन्यांत काळीपिवळीवाल्यानं सांगेल तो भाव आणि कोंबेल तितकी माणसं, हे आमच्या घरातल्या मुलींनी भोगलंय. एकाच साधनावर सगळं गाव टांगलं की असंच होतं.

वाघूरकाठ

पाचोरेकर, तुम्ही सांगता तो स्वस्ताईचा मुद्दा 2020 आधीचा. आता पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. उलट रेल्वेनं काय केलं? लॉकडाऊननंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लावलं, 10 रुपयांचं किमान तिकीट 30 वर नेलं आणि ते परत 10 वर यायला 2024 उजाडलं. मोठ्या लाइनीवर साध्या पॅसेंजरला काय किंमत आहे ते भुसावळ-मुंबई पॅसेंजरवाल्यांना विचारा. ती गेली आणि इगतपुरीपर्यंतच्या मेमूवर समाधान मानायला लागलं.

संपाचं मान्य. पण संपावर उतारा म्हणून 84 किलोमीटर लाइन टाकतात का कुणी?

तापीथडी

दोघांचं वाचलं. दोघंही गाव म्हणजे एकदा वसलं की कायमचं, असं धरून भांडताय. मी शिरपूर तालुक्यातला, थाळनेरच्या बाजूचा. आमचं उदाहरण घ्या, मग बोला.

खानदेशाचा उतार पश्चिमेला. तापी सुरतेकडं जाते, म्हणून जुना सगळा व्यापार सुरतेच्या तोंडी लागलेला. सुरत ते बऱ्हाणपूर हा मुघल काळातला हमरस्ता: नवापूर, नंदुरबार, मग तापी ओलांडून थाळनेर, चोपडा, आणि पुढं सातपुड्याच्या पायथ्यानं रावेरकडून बऱ्हाणपूर. 1615 मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो बादशहाकडं निघाला तो याच वाटेनं गेला. थाळनेरला तापीला उतार होता, म्हणजे पाण्यातून नदी ओलांडता यायची, नदीकाठी किल्ला होता. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची सुरुवात इथली, त्यांच्या कबरी आजही गावात आहेत. 1818 मध्ये किल्ला घेताना इंग्रजांचे अधिकारी पडले म्हणून त्यांनी किल्लेदाराला फासावर दिलं. म्हणजे तोवरही या जागेसाठी जीव द्यावा-घ्यावा इतकी तिची किंमत होती.

आज थाळनेर खेडं आहे. का? आग्रा रोडनं तापी ओलांडली ती सावळद्याला. 1900 च्या आसपास सुरतेहून ताप्ती व्हॅली रेल्वे आली ती दक्षिण काठानं: नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर. उत्तर काठ पूर्ण टाळला. उताराचं गाव होतं, पूल दुसरीकडं झाला, संपलं. नदी तिथंच आहे, किल्ल्याचे दगड तिथंच आहेत.

वाघूरकाठ भाऊ, तुमचं पहूर घाटाच्या तोंडाशी आहे म्हणून कायम राहील असं समजू नका. हायवेवाले उद्या बायपास काढतील आणि तुमची चौफुली डाव्या हाताला राहील.

नशिराबादकर

तापीथडींचं बरोबर, पण त्यातून निघतं ते रेल्वेच्या बाजूनं निघतं. आमचं नशिराबाद घ्या. जुन्या दप्तरात तालुका नशिराबाद, जळगाव नव्हे. 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मेन लाइन खानदेशात शिरली. त्याच वेळी अमेरिकेत यादवी पेटलेली, 1861 ते 65, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस जिथं गाडीत भरता येईल तिथं पेढ्या बसल्या, जिनं बसली, अडते आले. ते ठिकाण जळगाव. 1906 ला खानदेशाचे पूर्व-पश्चिम तुकडे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचं मुख्य ठिकाण म्हणून जळगावचंच नाव आलं. आम्ही दहा किलोमीटरवर बसून बघत राहिलो.

आणि आम्हाला तर हायवेही होता. सुरत-नागपूर रस्ता नशिराबादवरूनच जातो. नुसत्या रस्त्यानं शहर होत असेल तर आमचं का झालं नाही?

अमळनेर बघा. सुरतेची लाइन आणि जीआयपीचा जळगावचा फाटा तिथं जुळले. कापडगिरणी उभी राहिली. 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढं विप्रो झाली. बोरीच्या काठावरच्या तालुक्याच्या गावात हे कशानं आलं? भुईमूग तर आजूबाजूला सगळीकडंच पिकत होता.

लळिंगवाला

नशिराबादकर काका, जरा धुळ्याला या. चाळीसगाव-धुळे लाइन 1900 सालची, पहिल्यापासून मोठ्या रुळाची. म्हणजे जे पहूरला आता मिळणार ते आम्हाला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालं. झालं काय? बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा, त्या रुळावरचं एक तरी गाव रेल्वेनं मोठं केलं का? त्यांची नावं धुळे-चाळीसगाव करणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊकही नाहीत. आणि खुद्द धुळं वाढलं ते 1818 नंतर इंग्रज अधिकारी ब्रिग्जनं जिल्ह्याचं ठाणं इथं आणलं म्हणून, आणि आग्रा रोड व सुरत-नागपूर रस्ता इथं एकमेकांना कापतात म्हणून. रेल्वे आमच्याकडं येऊन थांबते. पुढं रूळच नाही.

मेन लाइन वेगळी, शाखा वेगळी. जळगावचा दाखला शाखेवरच्या गावाला लावू नका.

म्हणून तर मनमाड-इंदूर मार्गासाठी आमच्या दोन पिढ्या घसा कोरडा करत राहिल्या. 309 किलोमीटर, सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं मंजूर केला. तो झाला की धुळं आरपार होईल. तोपर्यंत आमचं स्टेशन म्हणजे गाडी यायची, इंजिन पुढचं मागं लावायचं आणि परत जायचं.

पाचोरेकर

मग लळिंगवाले दादा, तुम्ही आमचीच बाजू मांडलीत की! पीजे हीसुद्धा जामनेरला जाऊन थांबत होती. आता ती बोदवडला नागपूरच्या मेन लाइनीला जुळणार. एका टोकाला पाचोरा मुंबई मेन लाइनीवर, दुसऱ्या टोकाला बोदवड. शाखा राहिलीच नाही, आरपार झाली. धुळ्याला जे हवं होतं तेच आम्हाला मिळतंय.

रूळकरी (निवृत्त)

रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात नोकरी झाली, त्यामुळं थोडं तांत्रिक.

नॅरोगेज का टाकली हे आधी समजून घ्या. मेन लाइनीच्या दोन रुळांत अंतर 1676 मिलिमीटर, पीजेचं 762. निम्म्याहून कमी. रूळ हलका, रुळाखालचा स्लीपर आखूड, वळण तीव्र चालतं, पूल किरकोळ लागतात, जमीन कमी. डोंगरातून उतरणारे नाले एकामागून एक आडवे येतात अशा भागात कमी पैशात लाइन टाकायची तर हाच मार्ग होता. तोटा एकच, पण जीवघेणा. पाचोऱ्याला माल उतरवून पुन्हा भरायचा. शेंदुर्णीची गाठ वाघिणीतून (मालगाडीच्या डब्यातून) हमालांनी खाली घ्यायची, फलाटावर आडवी लोळवत न्यायची, मोठ्या वाघिणीत चढवायची. आजची गाठ 170 किलोची असते, तेव्हाचीही चांगली वजनदार असायची. हमाली दोनदा, वेळ दोनदा, आणि पावसात भिजली तर भांडण वेगळं. ट्रक जिनाच्या दारातून थेट गिरणीच्या दारात जातो. वाघूरकाठ म्हणतात की कापूस ट्रकवर गेला आणि गाडीचं काम संपलं. कापूस गेला का, तर रुळांतल्या अंतरामुळं. मोठ्या लाइनीत ही अडचणच राहत नाही. म्हणून नॅरोगेजच्या अनुभवावरून ब्रॉडगेजला नापास करणं बरोबर नाही. 1992 पासून रेल्वेनं सगळीकडं एकच गेज करायचं धोरण घेतलं त्यामागं हेच गणित होतं.

दुसरी गोष्ट, काळी माती. आपली जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात. रस्ता काय नि रूळ काय, खालचा भराव नीट नसला तर दोन वर्षांत लाटा येतात. पीजे रमतगमत चालायची त्याला इंजिनापेक्षा हे जास्त कारणीभूत. मोठ्या लाइनीला भराव उंच घालतात, बाहेरचा मुरूम आणून. म्हणजे गावातून एक बांध जाणार हे धरून चाला. फाटक आता देत नाहीत, खालून बोगदा देतात. आणि बोगदा म्हटलं की पावसाळ्यात त्यात पाणी हे आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत आहे. पाण्याचा निचरा कुठं काढलाय हे नकाशावर आत्ता विचारा. नंतर कुणी ऐकत नाही.

वाघूरकाठ

काका, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. बांध येणार, बोगदे तुंबणार, जमीन जाणार. आणि गाडी? मुंबई-नागपूर मालगाड्यांना जळगाव-भुसावळची गर्दी टाळून पाचोरा-बोदवड असं निघता यावं, हाच या लाइनीचा उपयोग मला दिसतो. आमच्या शिवारातून कोळसा आणि कंटेनर धडधडत जातील, आम्ही बोगद्यातलं पाणी उपसत बसू.

रूळकरी (निवृत्त)

हा तर्क थोडा घाईचा आहे. गर्दी टाळायची म्हणून फक्त याच लाइनीवर भिस्त असती तर मनमाड-जळगाव चौथी लाइन, 160 किलोमीटर, आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन, 131 किलोमीटर, नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर कशाला केल्या असत्या? मेन लाइनीची सोय मेन लाइनीवरच होते आहे. मालगाड्या तुमच्याकडून जातील, नाही असं नाही. पण त्या जातील म्हणूनच लाइन टिकेल. नुसत्या पॅसेंजरवर चालणारी लाइन सगळ्यात आधी बंद होते.

केळीबाग, रावेर

मालाचा विषय निघालाय म्हणून लिहितो, नाहीतर मी पहूरला फक्त अजिंठ्याला जाताना भजी खाल्लीत.

आमच्याकडं रेल्वेही आहे आणि केळीही आहे. एकेकाळी सावदा, रावेर, निंभोरा या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडं जायच्या. घड गवतावर रचायचे, वर पानं टाकायची. स्टेशनबाहेर बैलगाड्यांची रांग. त्या लाइनीनं आमची गावं उभी केली हे मी नाकारणार नाही. पण वाघीण वेळेवर मिळाली नाही की माल जागेवर पिकायचा, आणि पिकलेल्या केळीला दिल्लीत कुणी उभं करत नाही. ट्रक आले तसा माल रुळावरून उतरला. ट्रक थेट बांधावर येतो, व्यापारी समोर उभा राहून कापणी करतो, संध्याकाळी ताडपत्री बांधून गाडी निघते. आता मधूनमधून केळीची खास गाडी सुटली की फोटो छापून येतात, पण रोजचा धंदा रस्त्यावर आहे.

तेव्हा पहूर-शेंदुर्णीच्या शेतकऱ्यानं ब्रॉडगेजवर कापूस-मका-केळी जाईल म्हणून हुरळून जाऊ नये. माल भरायला धक्का लागतो, गोदाम लागतं, वाघिणी वेळेवर लागतात. लाइन गेली म्हणून हे आपोआप होत नाही. आमच्याकडं रूळ दारात असून ट्रक शोधतोय ना भो.

शेंदुर्णीची लेक

सगळे दादा-काका माल, बांध, भराव यावर बोलताहेत. माणसांचं मी सांगते.

मी शेंदुर्णीहून पाचोऱ्याला शिकायला जायचे, पीजेनं. गाडी हळू होती, खरं आहे. पण तिची वेळ घरात सगळ्यांना पाठ होती. आई सकाळची शिट्टी ऐकून डबा भरायची. संध्याकाळी मी कोणत्या गाडीत आहे, कुठे आहे, हे घरी सांगावं लागत नव्हतं. डब्यात ओळखीच्या दहा बाया असायच्या, कुणी भाजी निवडतंय, कुणी लेकीचं स्थळ सांगतंय. गाडी बंद झाली आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी प्रश्न आला: सकाळची एसटी मिळेल, संध्याकाळची आली नाही तर? फाट्यावर अंधारात काळीपिवळीची वाट बघत उभं राहायचं? अर्धं तिकीट आहे, मान्य. पण जी गाडी येतच नाही तिचं अर्धं तिकीट काढून काय करायचं? बहिणीनं बारावीनंतर गावातच काय मिळेल ते शिकायचं ठरवलं. आमच्या गल्लीत अशा अजून मुली आहेत.

वाघूरकाठ दादा, तुम्ही म्हणता रेल्वेऐवजी संध्याकाळच्या एसटी मागा. मागितल्यात. आगारात जाऊन निवेदन दिलंय, शिक्का मारून प्रत घेतली आहे. ड्रायव्हर कमी, गाड्या कमी, असं उत्तर मिळतं. रूळ एकदा टाकले की निदान ते उचलून दुसऱ्या तालुक्यात नेता येत नाहीत. बस उद्या दुसऱ्या मार्गावर वळवतात.

आणि कार्तिकात आमच्या त्रिविक्रमाच्या रथाला जी गर्दी होते ती पीजेनं यायची. जुनी माणसं अजून विचारतात, गाडी कधी सुरू होणार म्हणून.

लळिंगवाला

ताई, रूळ उचलत नाहीत हे ठीक, पण गाडी तर उचलतात ना. पीजेचे रूळ होतेच की 2020 मध्ये. गाडी गेली, रूळ गवतात राहिले.

शेंदुर्णीची लेक

म्हणूनच तर मोठी लाइन हवी. एकटीच लहान होती म्हणून तिला बंद करणं सोपं गेलं. मेन लाइनीला जोडलेली लाइन अशी बंद करून दाखवा.

नकाशेबाज

इतका वेळ नुसतं वाचत होतो. तुमच्यापैकी कुणीच दुसरी लाइन धरलेली नाही, त्याचं नवल वाटतं.

जालना-जळगाव नवी लाइन, 174 किलोमीटर, ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर झाली. अजिंठ्याजवळून येणार आहे. आता एक कागद घ्या. खाली डाव्या हाताला पाचोरा, उजवीकडं वर बोदवड. दोन्ही जोडा. ही तुमची पाचोरा-जामनेर-बोदवड लाइन, आडवी. आता वर मधोमध जळगाव आणि खाली अजिंठा. तेही जोडा. उभी रेघ आडव्या रेघेला कापल्याशिवाय जाईल कशी? कुठंतरी कापावीच लागेल. आणि कापणार ती याच पट्ट्यात, तुमच्या तालुक्यात.

आता दोन शक्यता. एक, वरची लाइन खालच्या लाइनीवरून पुलानं उडून जाईल, शेतात, कुणाच्या बांधावर. दोन्ही लाइनींची स्टेशनं वेगवेगळी, आठ-दहा किलोमीटर लांब. दुसरी, जिथं कापतात तिथंच किंवा अगदी लगत स्टेशन, एका गाडीतून उतरून दुसरीत बसता येईल असं. पहिल्यात वाघूरकाठ म्हणतात तसंच होईल, गाड्या जातील आणि गावं बघत राहतील. दुसऱ्यात पहूरची जळगावची अडचणही सुटते, कारण उभी लाइन थेट जळगावला जाते, पाचोऱ्याचा वळसा राहत नाही. अजिंठ्याला येणारा पर्यटकही तिथंच उतरेल. पीजेच्या काळात लेण्यांना रुळावरचं सगळ्यात जवळचं गाव पहूरच होतं, वीसेक किलोमीटर. तरी पर्यटक जळगावला उतरून मोटारीनं यायचे, कारण छोट्या गाडीनं यायला कुणाला वेळ नव्हता.

रेल्वे की रस्ता हे भांडण मला म्हणूनच फोल वाटतं. थाळनेर, नशिराबाद, अमळनेर, धुळं, तुम्ही दिलेली सगळी नावं परत बघा. दोन वाटा जिथं जुळल्या ते गाव वाढलं, जुळणी दुसरीकडं गेली ते बसलं. वाट डांबराची की लोखंडाची, हे नंतर.

वाघूरकाठ

नकाशेबाज, हे मी मानतो, कारण हे रेल्वेचं कौतुक नाहीच, चौफुलीचं आहे. आणि मी पहिल्यापासून चौफुलीच म्हणतोय. पण तुम्ही म्हणता तसं जुळणीचं स्टेशन होईल यावर माझा काडीचा विश्वास नाही. आपल्याकडं दोन खाती एका टेबलावर बसत नाहीत. जळगाव-संभाजीनगर रस्त्याचंच बघा: किती वर्षं उकरून ठेवला होता, धुळीनं रस्त्याकडेचा कापूस तांबडा दिसायचा, व्यापारी भाव पाडायचा. आधी रस्ता खोदला, मग पाइपलाइन आठवली, मग केबल. तिथं हे दोन लाइनी एका फलाटावर आणणार?

जामनेरी

स्टेशन होणारच असेल तर जामनेरला होईल, तालुक्याचं ठिकाण आहे. पहूरवाल्यांनी उगाच स्वप्नं बघू नयेत.

शेंदुर्णीची लेक

घ्या! अजून रेघ कागदावर आहे आणि जामनेरकरांनी फलाट बांधला पण. जामनेरला जायचं तर उभी लाइन अजिंठ्याहून एवढी पूर्वेला कशाला वळेल? सरळ यायचं तर पहूर किंवा शेंदुर्णीची बाजू.

जामनेरी

ताई, रेल्वे सरळ जाते हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्याचा आमदार जोरात त्याच्याकडं वळते.

रूळकरी (निवृत्त)

वळण आमदार देत नाही, उतार आणि नदी देते. निदान आधी. अजिंठ्याच्या डोंगरातून खाली यायचं तर चढ सौम्य ठेवायला लाइन लांबवावी लागते, आणि वाघूर कमीत कमी वेळा ओलांडायची हाही विचार असतो. सर्व्हेचा अहवाल मागवा, माहितीच्या अधिकारात मिळतो. त्यात दोन्ही लाइनी कुठल्या गटातून जातात आणि छेद कुठं आहे ते लिहिलेलं असतं. छेदावर फक्त पूल दाखवला असेल तर हरकत आत्ताच नोंदवा. भूसंपादनाची नोटीस निघाल्यावर ऐकतात ते फक्त मोबदल्याचं.

पाचोरेकर

अर्ज मी टाकतो. पहूर, शेंदुर्णी, वरखेडी इथले कोण सह्या देणार ते सांगा. जामनेरकरांचीही चालेल.

वाघूरकाठ

माझी धरा. फक्त अर्जात ‘रेल्वे आमच्या गावाची जीवनवाहिनी’ वगैरे लिहिणार असाल तर नको. छेदावर स्टेशन, बोगद्यातल्या पाण्याचा निचरा, आणि सकाळी दहाच्या आत जळगावला पोचवणारी एक गाडी. एवढंच लिहा.

शेंदुर्णीची लेक

आणि संध्याकाळी परत आणणारी. ती नेहमी राहून जाते.